तालुक्याच्या संग्रहालयातला पुस्तकं आणि भेटवस्तूंचा कोपरा : काय ठेवावं, कसं करून घ्यावं (कोल्हापूर) : मंचावरचा धागा

पंचगंगाकाठ
कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या छोट्या संग्रहालयासाठी माहिती हवी आहे. तिकीट खिडकीशेजारी ६ फूट रुंद आणि ५ फूट उंच रॅकची जागा आहे. तिथे स्थानिक इतिहासाची पुस्तकं आणि थोड्या भेटवस्तू ठेवायच्या आहेत. सुरुवातीचं भांडवल दीड लाख. वर्षातून दोनदा गर्दी होते, शाळांच्या सहली आणि जत्रेचा हंगाम. एरवी दिवसाला पाच-पंधरा माणसं. कोणती पुस्तकं, किती प्रती, कोणत्या वस्तू, कायद्याची भानगड कुठे, पावसाळ्यात माल कसा टिकवायचा, सगळंच विचारतो आहे. ‘जय शिवराय’ कीचेन सोडून काहीतरी सुचवा.

जुनं_बाड
आधी पुस्तकं. बहुतेक ठिकाणी रॅक भरायचा म्हणून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची शिवचरित्रं आणून ठेवतात. ती बसस्टँडवरही मिळतात, तुमच्याकडून कुणी का घ्यावीत? तुमच्या रॅकवर तुमच्या तालुक्याचं ते असावं जे दुसरीकडे मिळत नाही. आणि ते तयार मिळणार नाही, करावं लागेल.

कच्चा माल भरपूर आहे. मेजर ग्रॅहमचा कोल्हापूर संस्थानावरचा अहवाल १८५४चा. कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा (सरकारी माहितीग्रंथाचा) कोल्हापूरचा खंड २४वा, १८८६चा. त्यानंतर राज्याच्या दर्शनिकेची (गॅझेटिअरचंच मराठी नाव) सुधारित आवृत्ती १९६०ची. तिन्ही इंग्रजीत आहेत, जाडजूड आहेत, आणि सहलीला आलेला माणूस त्यातलं काहीही विकत घेणार नाही.

म्हणून सगळा खंड पुन्हा छापायच्या फंदात पडू नका. गॅझेटिअरच्या शेवटी गावांचं प्रकरण असतं. त्यातून फक्त तुमच्या तालुक्यातली गावं उचला. डाव्या पानावर १८८६चा मजकूर मराठीत, उजव्या पानावर १९६०चा. खाली दोन ओळींत आजची स्थिती: ते देऊळ आहे का, तो वाडा पडला का, तो बाजार अजून त्याच वारी भरतो का. ८० ते ९६ पानांची पुस्तिका होते. माणूस ती उचलतो, आपलं गाव शोधतो आणि सापडलं की घेतो. न सापडलं तर ठेवून देतो. त्यामुळे गावांची सूची पुढे, अनुक्रमणिकेच्या जागी. मागे नको.

एक खबरदारी. १८८६च्या खंडातला ‘कोल्हापूर’ म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. संस्थानातलं रायबाग आज बेळगाव जिल्ह्यात आहे. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरींचा हिशेब वेगळा मांडलेला आहे. लोकसंख्येचे आकडे उचलताना ते संस्थानाचे की पेट्याचे (तालुक्यासारखा जुना विभाग) हे बघा, नाहीतर तुलना फसते.

कलम_तीन
जुनं_बाड यांची कल्पना चांगली आहे. कॉपीराइटचं गणित जोडतो, कारण ‘जुनं आहे म्हणजे मोकळं’ हा समज सगळीकडे आहे.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. सरकारी प्रकाशनाला प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून ६०. म्हणजे १८५४ आणि १८८६ मोकळे. १९६०ची दर्शनिका १ जानेवारी २०२१पासून मोकळी. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननाचा सांकळिया आणि दीक्षित यांचा डेक्कन कॉलेजचा अहवाल १९५२चा आहे, म्हणून लोक त्यातली चित्रं बिनधास्त छापतात. पण सह-लेखकांपैकी शेवटचा मृत्यू मोजतात. सांकळिया १९८९मध्ये गेले. तो अहवाल २०४९ संपेपर्यंत मोकळा नाही. पुस्तकाचं साल फक्त सरकारी प्रकाशनाला, एरवी माणूस कधी गेला ते बघा. इतिहासकारांपैकी गो. स. सरदेसाई १९५९मध्ये गेले, २०२०पासून मोकळे. द. वा. पोतदार १९७९, २०३९अखेरपर्यंत थांबा. ग. ह. खरे १९८५, म्हणजे २०४५अखेर.

मोकळ्या मजकुराचा नवा मराठी अनुवाद मात्र अनुवादकाच्या मालकीचा. मानधन दिलं म्हणजे हक्क मिळाला असं नाही. हक्क ट्रस्टकडे हवा असेल तर लेखी हस्तांतरण घ्या आणि त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

छापखाना
पुस्तिकेचं तांत्रिक.

डेमी साइज (साडेपाच बाय साडेआठ इंच) ठेवा. फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेला ताव) १६ पानांचा, त्यामुळे ८०, ९६, ११२ अशी पानं बसवा. ९० पानं केलीत तर सहा पानं कोरी जातील किंवा अर्धा फॉर्म वेगळा चढवावा लागेल. आतला कागद ७० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा छपाईचा कागद. फोटो जास्त असतील तर सगळे एकत्र करून ८ पानं १३० जीएसएम आर्टपेपरवर मध्ये घाला. मॅपलिथोवर जुने फोटो छापले की शाई पसरते आणि काळपट चिखल होतो. कव्हर ३०० जीएसएम आर्टकार्ड, मॅट लॅमिनेशन.

९६ पानांना परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून केलेली बांधणी) चालतं, पण गोंद स्वस्तातला असेल तर उन्हाळ्यात कडक होऊन पानं सुटतात. वाचनालयांना द्यायच्या प्रती शिवून घ्या. किती छापायच्या? ३००च्या आत असतील तर डिजिटल, ५००च्या वर ऑफसेट. मधल्या आकड्याला दोन्हीकडून दर मागवा. पहिली खेप ३०० डिजिटलच करा, कारण गावातले लोक चुका काढणारच. गावाचं नाव चुकलं, आडनाव चुकलं, देवाचं नाव चुकलं. दुसऱ्या खेपेत सुधारता येतं. ऑफसेटच्या हजार प्रती म्हणजे हजार चुकीच्या प्रती.

टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. जुन्या पद्धतीचे डीटीपीवाले अजून श्रीलिपीत (युनिकोडआधीच्या फाँटमध्ये) टाइप करतात आणि नंतर कन्व्हर्टरमधून काढतात. त्यात रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मोडतात. ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’ असे शब्द मुद्दाम शोधून तपासा. १९६०नंतरचा मराठी छापील मजकूर ओसीआरने (स्कॅनवरून अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने) काढत असाल तर घ आणि ध, भ आणि म, ‘रव’ आणि ‘ख’ यांची अदलाबदल होते. आकड्यांत १ आणि ९. सालं सगळी हाताने मूळ पानाशी ताडा, दुसरा इलाज नाही.

रंकाळ्याचा_वारा
पुस्तकं ठीक, पण विकतं ते मॅग्नेट आणि टीशर्ट. शाळेच्या पोराकडे पन्नास रुपये असतात, तो ९६ पानी पुस्तिका घेणार?

जुनं_बाड
नाही घेणार. त्याच्यासाठी वीस रुपयांचं काहीतरी हवंच. पण ते तुमच्या दालनातल्या वस्तूवरून निघालेलं हवं, एवढंच म्हणणं आहे. वीस रुपयात उत्तम होतं ते पोस्टकार्ड. त्यातही कोल्हापूरकरांचं नशीब थोर: पोस्टकार्डांसाठी चित्रं काढणारे म. वि. धुरंधर कोल्हापुरात जन्मले (१८६७), १९४४मध्ये गेले, म्हणजे २००५पासून मोकळे. आबालाल रहमान १९३१मध्ये गेले, बाबूराव पेंटर १९५४मध्ये. तिघांचीही चित्रं कॉपीराइटच्या बाहेर आहेत. चंद्रकांत मांडरे मात्र २००१मध्ये गेले, तिकडे हात लावू नका.

चित्र मोकळं असलं तरी ज्याच्या भिंतीवर आहे त्याची परवानगी लागते, कारण तिथे जाऊन फोटो काढायचा आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलसारखं सरकारी संग्रहालय असेल तर पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी अर्ज.

छापखाना
पोस्टकार्डात एकच चूक सगळे करतात. दोन्ही बाजूंनी चकचकीत. मागे बॉलपेन चालत नाही, शिक्का पुसला जातो, तिकीट सुटतं. एका बाजूने कोटेड असलेला बोर्ड घ्या, मागची बाजू कोरी राहू द्या. आणि पुढच्या बाजूला लॅमिनेशन करू नका, जलाधारित व्हार्निश मारा. एका बाजूला प्लास्टिक चढवलं की पावसाळ्यात कोरी बाजू ओल पिऊन फुगते आणि कार्ड लॅमिनेशनकडे वळतं. जुलैत रॅकवरची सगळी कार्डं पन्हाळीसारखी दिसतात. ३५० जीएसएम, ६ बाय ४ इंच, कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीचं चित्र.

मागे डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात: वस्तूचं नाव, काळ, सापडल्याचं ठिकाण, संग्रहालयाचा नोंद क्रमांक. एवढ्या ओळीने कार्ड ‘तुमचं’ होतं.

कलम_तीन
कीचेनचा विषय धाग्याच्या सुरुवातीलाच निघाला म्हणून सांगतो. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या १९५०च्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी वापरायचं तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. दिनदर्शिकेवरच्या चित्राला अटींसह सूट आहे: तीवर फक्त उत्पादक आणि मुद्रकाचं नाव हवं आणि तिचा वापर मालाच्या जाहिरातीसाठी नको. बाजारात काय चाललंय ते सगळे बघतातच. पण रस्त्यावरचा विक्रेता आणि नोंदणीकृत ट्रस्ट यांना एकच माप लागत नाही. महाराजांचं चित्र असलेले मग आणि कीचेन टाळा, वकिलाला विचारल्याशिवाय तर नकोच. अशोकस्तंभालाही हात लावू नका, त्याला २००५चा वेगळा कायदा आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. काही ठिकाणी मूळ मोडी कागद फ्रेम करून ‘अस्सल पेशवेकालीन पत्र’ म्हणून विकतात. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांची वस्तू आणि ऐतिहासिक मोलाचं ७५ वर्षांचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज हा पुरावशेष आहे. त्याच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी पाहुण्याला विमानतळावर अडवलं की तो तुमची पावती दाखवणार. मूळ काहीही विकू नका: नाणं नाही, स्टँपपेपर नाही, ‘आमच्याकडे दोन आहेत’ म्हणून पोथीही नाही. दान आलेली वस्तू विक्रीच्या रॅकवर दिसली की पुढचं दान बंद होतं, हा तर कायद्याबाहेरचा मुद्दा.

मोडीवाचक
+१. मूळ विकू नका, प्रतिकृती विका. चांगल्या स्कॅनची छापील प्रत, सोबत बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर आणि अर्थ असलेला दुसरा कागद. ए४ आकारात, १२० जीएसएम पिवळसर कागद, कोपऱ्यात ‘प्रतिकृती’ असं छापलेलं. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना करण्याचा प्रकार नको, आम्ल राहतं आणि कागद लवकर ठिसूळ होतो.

पत्राची तारीख देताना घाई करू नका. स्थानिक पुस्तकांत सर्वात जास्त चुका इथेच असतात. शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे. दख्खनी फसली सनात (महसुलाचं वर्ष) ५९० किंवा ५९१. सुहूर सनात (जुन्या मराठी कागदांत अरबी संख्याशब्दांत लिहिला जाणारा सन) ५९९ किंवा ६००. सुहूर वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, जानेवारीत नाही, म्हणून दोन आकडे. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, हजार: १०७५. त्यात ५९९ मिळवून १६७४-७५. महिना आणि चंद्र (चांद्र महिन्यातली तारीख) कळल्याशिवाय एकच इसवी साल छापू नका, दोन्ही छापा. फसली आणि सुहूर यांत नऊ वर्षांचा फरक आहे, तो गोंधळला की अख्खी वंशावळ सरकते.

राजर्षी शाहूंचा २६ जुलै १९०२चा पन्नास टक्के राखीव जागांचा आदेश हा कोल्हापुरातल्या कुठल्याही संग्रहालयासाठी असा कागद करायला योग्य आहे. करवीर सरकारच्या गॅझेटात तो प्रसिद्ध झालेला आहे. स्कॅन मात्र अभिलेखागाराकडून रीतसर मागवा, नेटवरची धूसर प्रत छापू नका.

ओतकाम
त्रिमितीय प्रतिकृतींबद्दल. ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची (ग्रीक समुद्रदेवाची) छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती सगळ्यांना हवी असते, पण परवानगीशिवाय शक्य नाही. तुमच्या स्वतःच्या संग्रहातलं एखादं मातीचं खेळणं, दिवा किंवा मणी निवडा.

मूळ वस्तूवर सिलिकॉनचा साचा घेऊ नका. भाजलेली माती सिलिकॉनमधलं तेल पिते, डाग कायमचा. दगडावर पापुद्रा सुटलेला असेल तर साच्याबरोबर निघून येतो. त्याऐवजी फोटोंवरून स्कॅन करा. हातभर उंचीच्या आतल्या वस्तूला ८० ते १५० फोटो, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोशी ६०-७० टक्के जुळणारा, उजेड पसरलेला, फ्लॅश बंद. चकाकणारा धातू नीट स्कॅन होत नाही. त्यावर पावडर फवारण्याचा सल्ला नेटवर मिळेल, मूळ वस्तूवर तो अजिबात नको. लेन्सवर आणि दिव्यांवरही पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावा.

स्कॅनवरून प्रिंट काढा मूळ आकाराच्या ८० टक्के. हे मुद्दाम: मोजमाप जुळलं नाही की कुणी ती अस्सल म्हणून खपवू शकत नाही. त्या प्रिंटवर सिलिकॉन साचा, साच्यात प्लास्टर. वजनाने १०० भाग प्लास्टरला ६० ते ७० भाग पाणी. प्लास्टर पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, गुठळ्या होतात. पावसाळ्यात ओतकाम टाळा. वाळलं असं वाटून रंग दिला की आतली ओल बाहेर पडताना रंगाला फोड येतात. एका साच्यातून ओतकाम करत राहिलं की नाक-डोळे बोथट होत जातात, तेव्हा पहिली प्रत जपून ठेवा आणि दर खेपेला शेजारी ठेवून बघा.

नाणी: कोल्हापुरात सापडणारी कुर राजांची (सातवाहनकाळातले स्थानिक राजे), धनुष्यबाणाची नाणी शिशाची आहेत. प्रतिकृती शिशात ओतू नका. मुलं तोंडात घालतात, हाताला शिसं लागतं. कथिल किंवा जस्ताचा मिश्रधातू चालतो. शिवराई तांब्याची, तिच्या नकलांचा बाजारात आधीच सुळसुळाट आहे. काढायचीच असेल तर साच्यातच ‘प्रतिकृती’ कोरा. नंतर मारलेला ठसा घासून जातो.

पंचगंगाकाठ
फार उपयोगी. छोट्या कोल्हापुरी चपलांची जोडी ठेवावी का? आणि हिशेब, पोस्टाने पाठवणं याबद्दल कुणी सांगेल का?

कलम_तीन
कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. रेक्झिनची यंत्रावर केलेली जोडी ‘कोल्हापुरी’ म्हणून विकू नका. कातड्याची घ्या, कारागिराचं गाव लिहा.

हिशेबनीस
विक्रीची नोंदवही आणि संग्रहाची नोंदवही कधीही एक करू नका. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न तोच येतो.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. पोस्टकार्ड, मूर्ती, मॅग्नेट यांवर कर आहे. तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर प्रश्न नाही, पण ट्रस्टची इतर उत्पन्नं धरून सीएकडून एकदा लिहून घ्या. नोंदणी असेल तर एक फसवी गोष्ट: पुस्तक आणि मूर्ती एका किमतीत ‘भेटसंच’ म्हणून विकलीत की पूर्ण संचाला त्यातला जास्तीचा दर लागतो. पुस्तकाचा शून्य दर हातचा जातो. बिलावर वेगवेगळ्या ओळी आणि वेगवेगळ्या किमती ठेवा.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा. कागदी आणि पक्क्या बांधणीला वेगळे क्रमांक. छापायच्या आधी अर्ज करा, नंतर स्टिकर चिकटवावे लागतात. प्रकाशनानंतर ३० दिवसांत १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर तीन ग्रंथालयांना (मुंबईत एशियाटिक सोसायटीतलं मध्यवर्ती ग्रंथालय) प्रत पाठवायची असते. छोटे प्रकाशक हे विसरतात आणि मग वीस वर्षांनी त्या पुस्तकाची एकही प्रत कुठे मिळत नाही.

स्थानिक लेखकांची पुस्तकं विकल्यावर पैसे या बोलीवर घ्या, एका वेळी पाच प्रती, ३०-३५ टक्के कमिशन, दर तीन महिन्यांनी हिशेब. विकत घेऊन साठा केलात तर दीड लाख एका कपाटात अडकतील.

पोस्ट: २०२५मध्ये सुरू झालेली ज्ञान पोस्ट बघा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं, आणि पुस्तकाच्या पाकिटात मूर्ती किंवा मॅग्नेट कोंबायचं नाही.

छापखाना
३०० ग्रॅमवरून आठवलं. २४० पानांचं डेमी पुस्तक ७० जीएसएमवर साधारण २५५ ग्रॅम, कव्हर २० ग्रॅम. २७५ झाले. पुठ्ठ्याचं पाकीट घातलं की ३०० ओलांडतं. पुढे कधी मोठं पुस्तक केलंत तर २०८ पानांत बसवा किंवा कागद ६० जीएसएम घ्या. आताच्या ९६ पानांना काही अडचण नाही, सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतं.

कसर_आणि_वाळवी
साठवणुकीचं कुणीच बोललं नाही. तुमच्याकडे राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूचा पाऊस असेल तर निम्मा तोटा इथेच होतो.

रॅक लोखंडी, भिंतीपासून १० सेंमी पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंमी वर. बाहेरच्या भिंतीला टेकवलेला लाकडी रॅक म्हणजे वाळवीला आमंत्रण. पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळायची तर ती मार्च-एप्रिलमध्ये, कोरड्या हवेत. जुलैत गुंडाळलीत तर ओल आत कोंडते आणि कव्हरच्या आतून बुरशी येते. बाहेरून पुस्तक नवंकोरं दिसतं, गिऱ्हाईक घरी जाऊन उघडतो. पोस्टकार्डांची पाकिटं पीव्हीसीची नकोत, काही महिन्यांत चिकट होऊन छपाई ओढून घेतात. पॉलिप्रोपिलीनची मागा.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास. हे उघड्या रॅकवर काहीच काम करत नाही, फक्त झाकणबंद डब्यात. डांबराच्या गोळ्या नकोत: वास पुस्तकात बसतो आणि खिडकीवर बसणाऱ्या माणसाला दिवसभर तेच हुंगावं लागतं. चपला कापडी पिशवीत, दर पंधरा दिवसांनी उघडून पुसायच्या.

रंकाळ्याचा_वारा
मग दीड लाखात पहिल्या खेपेला काय? आकडा सांगा.

जुनं_बाड
पुस्तिका ३००. पोस्टकार्डं सहा चित्रं, प्रत्येकी ५००. शाहूंच्या आदेशाची प्रत २००. मातीच्या दिव्याची प्रतिकृती ५०च. बाकी जागेत विकल्यावर पैसे देण्याच्या बोलीची पुस्तकं. मुद्रितशोधन आणि अनुवादाला वेगळे पैसे काढून ठेवा, लोक नेमके तिथेच वाचवायला जातात. टीशर्ट पुढच्या वर्षी, पोस्टकार्डातलं कोणतं चित्र संपलं ते बघून.

पंचगंगाकाठ
चालेल. गावांची यादी काढायला घेतो. १८८६च्या खंडाची चांगली स्कॅन प्रत कुठली वापरावी? नेटवरच्या प्रतींत नकाशा घडी घातलेलाच स्कॅन झालेला दिसतो.

छापखाना
नकाशासाठी मूळ खंड असलेल्या ग्रंथालयात जाऊनच काम होईल. घडी उघडून सपाट ठेवायची, वरून काच दाबायची नाही, घडीवर कागद तुटतो. डोक्यावरून कॅमेरा, चार तुकड्यांत फोटो, कडेला मोजपट्टी. मजकुराला ३०० डीपीआय पुरतं, नकाशाच्या रेषांना ६००. मजकूर तुम्ही नव्याने टाइप करणार आहात, त्यामुळे नेटवरची प्रत वाचायला पुरेशी आहे. फक्त पानांचे आकडे सलग आहेत का ते आधी बघा. अशा प्रतींत दोन पानं चिकटून सुटलेली असतात, आणि नेमकं आपलं गाव त्यात असतं.